‘तिकडे’ म्हणजे नेमकं कुठे?

मावशीच्या दहाव्याला नाशिकला रामकुंडावर बसलो होतो. पिंड ठेवून पाऊण तास झाला तरी कावळा शिवायला तयार नव्हता. समोरच्या कठड्यावर चार-पाच बसले होते, पण एकही खाली येईना. मग मावशीचं काय राहिलं असेल यावर तर्क सुरू झाले. नातवाच्या लग्नाचं बोलून झालं, गावच्या जमिनीचं बोलून झालं, लीड्सला असलेल्या धाकट्या लेकीचं नाव घेऊन ‘तिची काळजी करू नकोस’ असंही हात जोडून सांगून झालं. ती लेक, माझी मावसबहीण, व्हिसाचे कागद अडकल्यामुळे येऊ शकली नव्हती आणि कुणीतरी उंच धरलेल्या फोनवरून हे सगळं बघत होती. तेवढ्यात माझा पुतण्या बोलला. तो आठ महिने मँचेस्टरला ऑनसाइट राहून आलेला. ‘तिकडे बरं असतं. वीस मिनिटांत आटोपतं. पिंड नाही, कावळा नाही, गुरुजी नाहीत.’ मामांनी ते ऐकलं. मामा ऐंशीच्या पुढचे, गेली ती त्यांची धाकटी बहीण. ‘तिकडे बापाला तीन-तीन आठवडे बर्फात ठेवतात,’ ते म्हणाले, ‘पोराला सवड होईपर्यंत. आणि मग टाय लावून जातात. डोळ्यांत टिपूस नाही.’

कावळा येईपर्यंत हा वाद चालला, आणि इतका वाईट चालला की मला तो घरी येऊनही सोडवेना. दोघं हिरिरीने भांडत होते, पण दोघांच्या डोक्यातलं चित्र एकच होतं: पाश्चात्त्य माणूस मरण झटपट उरकतो, रडत नाही आणि कामाला लागतो. पुतण्याला ते सुधारलेपण वाटतं, मामांना माणुसकी आटल्याची खूण. चित्रच खोटं असेल तर त्याला कोणत्या रंगाची चौकट घालायची यावर कशाला भांडायचं? माझं म्हणणं थोडक्यात असं. एक, ‘तिकडे’ नावाचं कुठलंही एक ठिकाण नाही. दोन, शोकाच्या रीतींवरून प्रेम किती होतं याचं माप निघत नाही. त्या रीतींवरून एवढंच कळतं की माणूस गेल्यानंतरचं काम त्या समाजाने कोणाच्या अंगावर टाकलंय: गावाच्या, चर्चच्या, सरकारच्या, दुकानदाराच्या की ज्याचं माणूस गेलं त्या एकट्याच्या.

नोकरीनिमित्त मी तीन वर्षं आयर्लंडमध्ये, कॉर्कला होतो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचे वडील गेले तेव्हा ऑफिसातले आम्ही पाच जण दोन गाड्यांतून त्याच्या गावी गेलो. ‘वेक’ला. वेक म्हणजे जागरणच. गावाच्या अलीकडे अर्धा किलोमीटर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या, आणि एक शेजारी चमकणारं जाकीट घालून, हातात बॅटरी घेऊन, शेतात कोणी कुठे गाडी लावायची ते सांगत होता. घरात पुढच्या खोलीत शवपेटी उघडी. म्हातारबाबा सुटात, बोटांत जपमाळ गुंफलेली. भिंतीला लागून घरची माणसं ओळीने बसलेली, आणि आलेला प्रत्येक जण ओळीतल्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन एकच वाक्य म्हणत होता: ‘सॉरी फॉर युवर ट्रबल.’ वेगळं काही सुचायला हवं अशी कोणाची अपेक्षाच नव्हती, आणि मला परक्याला त्याचा केवढा आधार वाटला! मग स्वयंपाकघरात चहा आणि हॅमचं सँडविच. मी मांसाहारी नाही हे सांगितल्यावर एका आजीबाईंनी मला केकचे दोन मोठे तुकडे वाढले. नाही म्हणायची सोय नव्हती. म्हातारबाबा पत्त्यांत कसे लबाडी करायचे याच्या गोष्टी चालल्या होत्या, लोक हसत होते. थोड्या वेळाने बाहेर कोणीतरी प्रार्थना सुरू केली, तसे सगळे जागच्या जागी गप्प झाले. रात्रभर मृतदेहाजवळ कोणी ना कोणी बसून राहणार होतं. तिसऱ्या दिवशी दफन. महिन्याने ‘मंथ्स माइंड’, म्हणजे त्याच्या नावाने पुन्हा प्रार्थना. आपल्या मासिकाची सख्खी बहीण. तिथली स्थानिक रेडिओ केंद्रं आजही कोण गेलं, वेक कुठे आणि कधी, हे रोज वाचून दाखवतात. मामांना त्या घरात नेऊन बसवलं असतं तर भाषा सोडून त्यांना काहीही परकं वाटलं नसतं.

आता मामांच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करतो, कारण ते थोडंथोडकं नाही. आयर्लंडहून तासाभराच्या विमानप्रवासावर इंग्लंड आहे आणि तिथे त्यांचं वर्णन बऱ्यापैकी लागू पडतं. मृत्यू आणि अंत्यविधी यांत दोन-तीन आठवडे जाणं तिथे नेहमीचं आहे. दाहगृहात अर्ध्या-पाऊण तासाची वेळ ठरवून मिळते. आपण बाहेर पडतो तेव्हा पुढच्या घरची माणसं दारात उभी असतात. शेजारी येऊन बसत नाहीत, कार्ड पाठवतात. आणि गेल्या काही वर्षांत ‘डायरेक्ट क्रिमेशन’ झपाट्याने वाढलं आहे: ना विधी, ना माणसं, कंपनी देह घेऊन जाते आणि नंतर राख घरपोच करते. याच्या जाहिराती दुपारच्या टीव्हीवर लागतात. एकटेपणाची व्यवस्था म्हणावी तर ही आहेच.

पण हा इंग्रजी रक्ताचा थंडपणा म्हणायचा, तर व्हिक्टोरियाच्या काळातले इंग्रज कोण होते? नवरा १८६१ साली गेल्यावर राणीने काळे कपडे चढवले ते १९०१ साली स्वतः मरेपर्यंत उतरवले नाहीत. विधवेने दोन वर्षं शोक पाळायचा. पहिलं वर्षभर क्रेप नावाच्या निस्तेज काळ्या कापडात, मग हळूहळू राखाडी, जांभळ्याकडे सरकायचं. त्या क्रेपवर कोर्टोल्ड घराण्याने केवढी संपत्ती उभी केली. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर फक्त सुतकाच्या कपड्यांचं भलंमोठं दुकान होतं. गरीब मजूर दर आठवड्याला पेनी-पेनी विम्यात भरायचे, कशासाठी? आपल्याला बेवारशासारखं सामाईक खड्ड्यात पुरू नये म्हणून. हे लोक आजच्या इंग्रजांचे पणजोबा-खापरपणजोबा. तीन-चार पिढ्यांत रक्त थंड होत नसतं. व्यवस्था मात्र बदलते.

ती कशी बदलली? एक कारण खूप जुनं. सोळाव्या शतकात युरोपचा अर्धा भाग प्रोटेस्टंट झाला, आणि मेलेल्या आत्म्याला शुद्ध होण्यासाठी जिथे थांबावं लागतं ती जागा, पर्गेटरी, त्यांच्या नकाशावरून पुसली गेली. मेलेल्याच्या नावाने तुम्ही इथे काय कराल त्याने त्याचं तिकडे काहीही हलत नाही, असं ठरलं. मेलेल्याला इथून अन्न पोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून द्यायची, हा चार्वाकाचा टोमणा. प्रोटेस्टंट बंडाची सुरुवात करणारा लूथर चार्वाक नव्हता, पण वार साधारण त्याच जागी बसला. इंग्लंडमध्ये १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी प्रार्थना म्हणायला ठेवलेल्या देणग्या सरकारजमा झाल्या. कॅथलिक घरात मरणानंतर करण्यासारखं काही उरतं. प्रोटेस्टंट घरात आठवणीखेरीज काही उरत नाही. हे कारण मला महत्त्वाचं वाटतं, पण पुरेसं नाही. आयर्लंडचे कॅथलिक बिशपच शतकानुशतकं वेकवर बंदी घालत आले: दारू, खेळ, चेष्टामस्करी आणि पैसे देऊन बोलावलेल्या रडणाऱ्या बायका त्यांना खपत नव्हत्या. रडणाऱ्या बायका गेल्या. वेक राहिलं, कारण ते चर्चचं नव्हतंच, गावाचं होतं. इंग्लंडमध्ये कारखान्यांनी ते गावच आधी मोडलं होतं.

दुसरं कारण पहिल्या महायुद्धाचं. ब्रिटिश साम्राज्याचे नऊ लाखांहून जास्त सैनिक मेले आणि सरकारने ठरवलं की एकाही देहाला मायदेशी आणायचं नाही. जिथे पडला तिथेच पुरायचं, अधिकारी असो की शिपाई, दगड एकाच मापाचा. आयांनी अर्ज केले, निदान क्रूस तरी आमच्या पसंतीचा लावू द्या म्हणाल्या. मिळाला नाही. घराघरात देहाविना शोक. त्याच्या जागी राष्ट्राने काय दिलं? युद्ध थांबलं त्या ११ नोव्हेंबरला दरवर्षी दोन मिनिटांची शांतता, वेस्टमिन्स्टर ॲबीत १९२० साली पुरलेला एक निनावी सैनिक, आणि लंडनच्या व्हाइटहॉल रस्त्यावरचं सेनोटाफ हे स्मारक. त्या ग्रीक शब्दाचा अर्थच रिकामं थडगं. ते १९१९ साली लाकूड-प्लास्टरचं, एका संचलनापुरतं उभारलं होतं. लोकांनी पायथ्याशी फुलांचे असे ढीग घातले की पुढच्या वर्षी दगडात कायमचं बांधावं लागलं. काळ्या कपड्यांचे नियम आधीच सैल होऊ लागले होते हे खरं, पण जिथे गल्लीतल्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी गेलंय तिथे एकटीने काळं नेसून कोणाचं लक्ष वेधायचं? शोक सरकारी झाला, मूक झाला आणि वर्षातून एकदा झाला.

त्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली. जेफ्री गोरर नावाचे इंग्रज मानवशास्त्रज्ञ होते. १९१५ साली लुसिटानिया जहाजाबरोबर त्यांचे वडील बुडाले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. आईचा शोकाचा वेष त्यांनी पाहिला होता, आणि त्या वेषाकडे पाहून लोक कसं वागायचं ते समजून घ्यायचे हेही. १९६१ साली त्यांचे भाऊ वारले. पार्टीची आमंत्रणं आली तेव्हा त्यांनी सरळ कळवलं की मी सुतकात आहे, येणार नाही. समोरचे असे ओशाळले, जणू यांनी काही अश्लील बोलून दाखवलं. हा प्रसंग मी पुतण्याला मुद्दाम सांगितला. ‘कटकट नाही’ याची दुसरी बाजू ही आहे: रीत नसली की दुःख कमी होत नाही, ते कसं वागवायचं हे दर वेळी ज्याचं त्याने नव्याने शोधून काढायचं. तेही नेमकं अशा वेळी, जेव्हा आंघोळीचं पाणी तापवायचंही सुचत नाही.

पुतण्याचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. रीती माणसाला पिळतात. व्हिक्टोरियाच्या काळातली गरीब विधवा पोटाला चिमटा घेऊन काळं कापड घ्यायची. आपल्याकडे तेराव्याच्या पंगतीसाठी काढलेलं कर्ज फेडता फेडता पुढचं मरण आलेलं असतं. विधवेच्या बाबतीत तर तिकडच्या काय आणि इकडच्या काय, रीतींनी तिला जिवंतपणीच अर्धं पुरलं. म्हणून रीत मोडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण ‘तिकडे कर्मकांड नाही’ हे विधान घेऊन त्याने अमेरिकेत जाऊन दाखवावं.

अमेरिकेत मृतदेहाच्या धमन्यांतून रक्त काढून रसायन भरतात, चेहरा रंगवतात, केस बसवतात आणि तो झोपल्यासारखा मखमली पेटीत ठेवून लोकांना दाखवतात. ही प्रथा कुठल्या पोथीतली? यादवी युद्धातली. १८६१ ते १८६५ या काळात दूरच्या रणांगणावर पडलेल्या मुलाचा देह घरी यावा असं उत्तरेकडच्या आईबापांना वाटायचं, आणि रसायनवाले सैन्यामागोमाग तंबू ठोकत जायचे. मग लिंकनची हत्या झाली. त्याचा देह रसायन भरून रेल्वेने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला नेला, वाटेत शहरोशहरी पेटी उघडून लाखो लोकांना दर्शन दिलं. अशी जाहिरात कोणत्या धंद्याला मिळते? इंग्लंडने जे काम सरकारकडे दिलं, ते अमेरिकेने दुकानाकडे दिलं. आजही पेटी, दर्शन आणि दफन असा सगळा सोहळा आठ हजार डॉलरच्या आसपास जातो. लुबाडणूक इतकी झाली की १९८४ पासून केंद्रीय नियमच आहे: प्रत्येक गोष्टीची वेगळी किंमत लेखी द्यायची, आणि देहात रसायन भरणं कायद्याने सहसा सक्तीचं नसतं हे गिऱ्हाइकाला सांगायचं. क्षेत्राच्या ठिकाणी दक्षिणेचा दरफलक लावायला लावण्यासारखंच हे. आणि त्याच देशात न्यू ऑर्लिन्सचे काळे लोक दफनापर्यंत बँडवर संथ शोकगीत वाजवतात आणि देहाला निरोप दिला की त्याच बँडवर रस्त्यात नाचतात. यातली ‘अमेरिकन’ पद्धत कोणती म्हणायची?

उलट टोक ग्रीसचं. ज्या देशापासून पाश्चात्त्य संस्कृतीच्या गोष्टी सुरू करतात, तिथे आजही बहुतेकांना कबर तीनेक वर्षांपुरती भाड्याने मिळते. मुदत संपली की माती उकरतात, हाडं बाहेर काढतात, खेड्यांतून घरच्या बायका ती वाइनने धुतात आणि पेटीत घालून अस्थिगृहात ठेवतात. चाळिसाव्या दिवशी उकडलेल्या गव्हात साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे घालून ‘कोलिव्हा’ करतात आणि चर्चबाहेर वाटतात. तिथल्या बायकांच्या मोठ्याने रडण्यावर अथेन्सचे कायदे घडवणाऱ्या सोलोनने अडीच हजार वर्षांपूर्वी कायदा करून बंधनं घातली होती, तरी मानी प्रांतातली शोकगीतं आपल्या काळापर्यंत आली. ‘ते लोक रडत नाहीत’ हे वाक्य मानीच्या एखाद्या म्हातारीसमोर म्हणून बघावं.

यावर एक चांगला आक्षेप उरतो आणि तो मला एका मित्राने घेतला. देशोदेशी फरक असतील, तो म्हणाला, पण वाहण्याची दिशा एकच आहे ना? सगळे शेवटी इंग्लंडच्याच वाटेने चाललेत: विधी कमी, माणसं कमी, घाई जास्त. काही अंशी खरं आहे. पण दिशा एकच असते असं मानणाऱ्याने देह जाळण्याचा इतिहास बघावा. ३० नोव्हेंबर १८७० ला कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज लंडनहून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले. वय जेमतेम वीस. इटलीच्या त्या वेळच्या या ख्रिस्ती राजधानीत चिता रचायला खास परवानगी काढावी लागली. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर दहन झालं आणि बघायला शहर लोटलं. त्या जागी त्यांचा छत्रीखालचा पुतळा अजून आहे. तेव्हा युरोपला जे अघोरी वाटलं, त्यासाठी १८७४ साली लंडनमध्ये संस्था निघाली, १८७६ साली मिलानमध्ये दाहगृह. १८८४ साली वेल्समध्ये एका म्हाताऱ्या डॉक्टरने आपल्या तान्ह्या मुलाचा देह जाळला म्हणून जमाव अंगावर धावला. न्यायालयाने सांगितलं, हा गुन्हा नाही. पोपने १८८६ मध्ये मनाई केली, १९६३ मध्ये उठवली. आज ब्रिटनमध्ये पाचातली चार माणसं जाळली जातात, आणि ग्रीसला पहिलं दाहगृह मिळायला २०१९ उजाडलं. यात ‘संस्कृतीचा आत्मा’ कुठे आहे? यात डॉक्टर आहेत, जागेची टंचाई आहे, कोर्ट आहे, युद्ध आहे.

आणि विधी कमी झाले की शोक संपतो, हेही खरं नाही. स्वीडन घ्या. चर्चला जाणारे थोडे, दहन बहुतेकांचं, आणि अंत्यविधीला कायद्याने महिन्याची मुदत. २०१२ पर्यंत ती दोन महिने होती. मामांनी तर कानांवर हात ठेवले असते. पण कबरीची जागा आणि दहनाचा खर्च तिथे प्रत्येक नोकरदार करातून भरतो, मेलेला कोणाचाही असो. अनेक जण आपली राख ‘मिनेस्लुंड’मध्ये, म्हणजे स्मृतिवनात, बिनखुणेची पुरायला सांगतात; पुरताना घरचे हजर नसतात, नेमकी जागा कोणालाच कळत नाही. आणि ३१ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर यांमधल्या शनिवारी, दुपारी चारलाच अंधार पडतो तेव्हा, त्या स्मशानांत दिव्यांचा असा सागर लागतो की काय सांगू! २०२० मध्ये आयर्लंडमध्ये अंत्यविधीला दहा माणसांची मर्यादा आली. तेव्हा गावंच्या गावं आपापल्या फाटकाशी, अंतर राखून, शववाहिका जाईपर्यंत रस्त्याच्या कडेने उभी राहिली. तशी आज्ञा कोणत्याही पोथीत नव्हती. मामांच्या ‘न रडणाऱ्या’ इंग्रजांपैकी अडीच लाख लोक सप्टेंबर २०२२ मध्ये राणीच्या शवपेटीसमोर अर्धा मिनिट उभं राहण्यासाठी रात्र-रात्र रांगेत होते. त्यांतल्या कित्येकांनी पत्रकारांना सांगितलं की रांगेत आई आठवली, वडील आठवले. स्वतःच्या आईसाठी जे जाहीरपणे करायची सोय त्यांच्या समाजाने ठेवली नाही, ते ते राणीच्या निमित्ताने करत होते. मला हे दृश्य हास्यास्पद वाटलं नाही, फार केविलवाणं वाटलं.

घाटावर यातलं फारसं बोलता आलं नाही. कावळा अखेर शिवला, कशामुळे ते देव जाणे. जो तो आपल्याच आश्वासनाला श्रेय देत होता. सगळे उठले, ओली धोतरं पिळली. फोन अजून चालूच होता. मामांनी तो हातात घेतला आणि मावसबहिणीला विचारलं, तिकडे तुझ्याजवळ आलं का गं कोणी? ती म्हणाली, ऑफिसातून कार्ड आलं. आणि शेजारची बाई सूपचं झाकलेलं पातेलं दारात ठेवून गेली, वर चिठ्ठी, ‘भाज्यांचंच आहे’ अशी.

‘दारात? आत नाही आली?’

‘नाही मामा. बेलसुद्धा नाही वाजवली.’

मामा थोडा वेळ फोनकडे नुसते बघत राहिले. ‘बरं,’ ते म्हणाले, ‘पातेलं रिकामं परत देऊ नकोस हं.’